जिंकलेल्या दाव्याचा खर्च

'घर पाहावे बांधून आणि लग्न पाहावे करून' ही म्हण ज्या काळी रूढ झाली, त्या काळी घर बांधणारा गृहस्थ स्वतः विटा मोजून घेत असे, गवंड्याशी हुज्जत घालीत असे, आणि चुन्यात वाळू अधिक पडली तर ती निदान त्याच्या डोळ्यांदेखत पडत असे. आता शहरातील मध्यम स्थितीच्या मनुष्यास घर बांधावयाचे नसते, विकत घ्यावयाचे असते. भिंतीच्या पोटात काय आहे हे त्यास पहिल्या नाही तर दुसऱ्या पावसाळ्यात कळते. तेव्हा ह्या जुन्या म्हणीस 'दावा पाहावा जिंकून' असा तिसरा चरण जोडण्यास हरकत नाही. हरलेल्या दाव्याचे दुःख सर्वांस ठाऊक असते. जिंकलेल्या दाव्याचेही काही दुःख असते, हे मात्र तो जिंकल्यावाचून कळत नाही.

आम्ही पुण्यात ज्या इमारतीत राहतो तीत चोवीस बिऱ्हाडे आहेत. २०१२ साली ताबा मिळाला आणि दुसऱ्याच पावसाळ्यात गच्चीतून व पश्चिमेकडील भिंतीतून पाणी आत येऊ लागले. पत्रे झाली, भेटी झाल्या, 'माणूस पाठवितो' अशी आश्वासने झाली. अखेर २०१४ साली आमच्या गृहनिर्माण संस्थेने बिल्डरविरुद्ध जिल्हा ग्राहक मंचाकडे तक्रार गुदरली. २०१९ साली निकाल संस्थेच्या बाजूने लागला. बिल्डरने राज्य आयोगाकडे अपील केले. २०२३ साली तेही फेटाळले गेले. दुरुस्तीसाठी नऊ लाख, मनस्तापाबद्दल एक लाख आणि तक्रारीच्या खर्चापोटी पंचवीस हजार रुपये मंजूर झाले. सभेत पेढे वाटले गेले. मग खजिनदार उठले आणि त्यांनी दुसरा आकडा वाचला. वकिलांची फी, इंजिनिअरचे दोन अहवाल, नकला, भाडी, टपाल मिळून संस्थेचा खर्च तीन लाख ऐंशी हजार झाला होता. पंचवीस हजार वजा जाता उरलेले तीन लाख पंचावन्न हजार चोवीस घरांवर वाटले, तर प्रत्येकी चौदा हजार आठशे येत होते. हातातील पेढा खाली ठेवावा की संपवावा, असा प्रश्न त्या क्षणी अनेकांस पडला असावा.

पेढ्याचे राहू द्या. ज्याचे म्हणणे खरे ठरले त्याने ते खरे ठरविण्याचा खर्च स्वतःच्या खिशातून का द्यावा, हा प्रश्न मात्र विचार करण्यासारखा आहे. नऊ लाखांची दुरुस्ती मिळविण्यासाठी साडेतीन लाख घालावे लागले, तर मिळाले ते साडेपाच लाखच. म्हणजे निकालपत्राने ज्यास पूर्ण हक्क म्हटले, त्यातील तिसऱ्या हिश्शाहून अधिक भाग ते निकालपत्र मिळविण्यातच खपला. ॲरिस्टॉटलने आपल्या नीतिशास्त्राच्या पाचव्या प्रकरणात न्यायाधीशाचे काम एका रेषेच्या दृष्टान्ताने सांगितले आहे. एकाने दुसऱ्याचा तुकडा तोडून घेतला की रेषेचे दोन भाग विषम होतात. न्यायाधीशाने तो तुकडा परत जोडून ते भाग पुन्हा समान करावयाचे. दृष्टान्त सुंदर आहे. परंतु कापण्याजोडण्याची मजुरी कोणी द्यावयाची हे त्यात आलेले नाही. ती मजुरी ज्याचा तुकडा गेला त्यानेच दिली, तर रेषा दिसावयास समान होईल, वस्तुतः होणार नाही.

आपल्या जुन्या व्यवहारशास्त्रास हा प्रश्न अपरिचित नव्हता. ऋणकोने नाकारलेले ऋण राजाकरवी सिद्ध झाले तर ऋणकोने शेकडा दहा आणि ज्याचे धन वसूल झाले त्या धनकोने शेकडा पाच राजास द्यावे, अशी याज्ञवल्क्यस्मृतीत व्यवस्था आहे. मराठेशाहीतही जिंकणारा सरकारात 'हरकी' भरी आणि हरणारा 'गुन्हेगारी' भरी. हरकी म्हणजे हर्षाची भेट. न्याय मिळाल्याचा आनंद झाला, तर त्या आनंदाचे मोल द्या. ह्या दोन्ही व्यवस्थांत पैसा प्रतिपक्षाकडे जात नसून राज्याकडे जात असे, हा भेद लक्षात ठेवावयास हवा. तरीही हरणाऱ्यावर भार अधिक असावा, आणि जिंकणाराही अगदी मोकळा सुटू नये, ही दुहेरी दृष्टी त्यांत दिसते. आम्ही इंग्रजी शिकलेली मंडळी हरकीस हसत आलो. परंतु साडेतीन लाखांची हरकी भरून घरी आलेल्या मनुष्यास हसण्याचा अधिकार उरत नाही. जुनी हरकी निदान उघडपणे हरकी म्हणवीत होती.

पाश्चात्त्य देशांतही ह्याबाबत एकमत नाही. इंग्लंडात १२७८ सालच्या ग्लॉस्टरच्या कायद्याने ठराविक दाव्यांत जिंकलेल्या वादीस प्रतिवादीकडून खर्च मिळू लागला, आणि पुढे 'हरेल तो भरेल' हा तेथील सर्वसाधारण नियम झाला. अमेरिकेने उलट वाट धरली. वकिलाची फी नुकसानभरपाईत धरण्यास तेथील सर्वोच्च न्यायालयाने १७९६ सालीच नकार दिला, आणि ज्याने त्याने आपापला वकील पोसावा हा नियम तेथे आजवर मुख्यत्वे टिकून आहे. आपल्याकडे १९०८ च्या दिवाणी प्रक्रिया संहितेने कागदावर इंग्लंडचा नियम घेतला. पस्तिसाव्या कलमान्वये निकाल ज्याच्या बाजूने त्यास खर्च मिळावा, आणि तो द्यावयाचा नसेल तर न्यायाधीशाने कारण लिहून ठेवावे. व्यवहारात मात्र आपण अमेरिकेच्या जवळ जाऊन बसलो आहोत. खोट्या व त्रासदायक दाव्याबद्दल भरपाई म्हणून द्यावयाच्या खर्चाची कमाल मर्यादा १९७६ च्या दुरुस्तीने तीन हजार रुपये झाली; व्यापारी दावे वगळता ती आजही तेवढीच आहे. खर्च वास्तव असावा, त्यात पक्षकाराचा मोडलेला वेळ आणि प्रवासही धरावा, असे सर्वोच्च न्यायालयाने २००५ साली सांगितले. विधी आयोगाने २०१२ साली आपला दोनशे चाळिसावा अहवाल ह्याच विषयास वाहिला. तरी 'खर्चाचा हुकूम नाही' हे वाक्य निकालपत्राच्या शेवटी इतक्या सहजपणे येते, की ते वाचताना कोणाच्या तरी घरचे दागिने त्यात गेले असतील असे मनातही येत नाही.

ग्राहकासाठी तर निराळेच न्यायपीठ निर्माण झाले, ते खर्चाच्या ह्याच भीतीवर उपाय म्हणून. १९८६ च्या ग्राहक संरक्षण कायद्याचा हेतू असा की सामान्य मनुष्याने साध्या कागदावर आपली तक्रार लिहावी, वकिलावाचून उभे राहावे आणि थोड्या दिवसांत न्याय घेऊन घरी जावे. १९९३ च्या दुरुस्तीने घरबांधणी ही त्या कायद्यात 'सेवा' म्हणून स्पष्टपणे आली. २०२० पासून लागू झालेल्या नव्या कायद्यातही विरुद्ध पक्षास नोटीस मिळाल्यापासून तीन महिन्यांत, आणि तपासणीची गरज असल्यास पाच महिन्यांत निर्णय व्हावा असे लिहिलेले आहे. पक्षकारांस 'पुरेसा' खर्च देववावा असेही दोन्ही कायद्यांत आहे. हेतूविषयी शंका नाही. परंतु बिघडलेला पंखा आणि गळणारी इमारत ह्यांत अंतर आहे. पंखा मेजावर ठेवून दाखविता येतो. भिंतीतील ओल गच्चीच्या उतारामुळे आली, नळाच्या सांध्यातून आली, की रहिवाशाने न्हाणीघरात नवी फरशी बसविताना केलेल्या ठोकाठोकीने आली, हे सांगण्यास तज्ज्ञ लागतो; आणि एका बाजूने तज्ज्ञ आणला की दुसरी बाजू दुसरा आणते. बिल्डरच्या वतीने मुरलेला वकील उभा राहिला की निवृत्त मुख्याध्यापकाने लिहिलेला साधा कागद थरथरू लागतो. मग आपणही वकील करतो. एवंच, स्वस्त न्यायाच्या घरात शिरूनही आपण महाग न्यायच विकत घेतो, आणि खर्च देववितेवेळी मात्र न्यायपीठ स्वस्त न्यायाचा दर लावते.

ह्यावर सरळ उपाय असा सुचतो की 'हरेल तो भरेल' हा नियम कडकपणे अमलात आणावा. आम्हीही प्रथम तेच म्हणत होतो. परंतु थोडा विचार करता त्यात एक मोठी खोच दिसते. बिल्डरच्या दृष्टीने दाव्याचा खर्च हा धंद्यातील अनेक खर्चांपैकी एक असतो. तो पुढच्या इमारतीच्या भावात मिळविता येतो, म्हणजे अखेर पुढचाच एखादा ग्राहक तो भरतो. सदनिकाधारकास असे कोणाच्या माथी मारता येत नाही. त्याच्या खर्चास पुढची इमारत नसते. मुलीचे शिक्षण किंवा म्हातारपणची ठेव असते. तेव्हा हरल्यास समोरच्याच्या नामांकित वकिलाची फीही आपणास भरावी लागेल असे त्यास सांगितले, तर खऱ्या तक्रारीचा मनुष्यही घरी बसेल. तक्रार खरी असणे निराळे आणि ती सिद्ध होण्याची खात्री असणे निराळे. 'शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये' ही म्हण मग नुसता उपदेश न राहता कायदा होऊन बसेल. दोन असमान माणसांस एकच जोखीम देणे ही समता नव्हे.

तर मग खर्च कोणत्या तत्त्वावर वाटावा? आमच्या मते चूक ही आहे की आपण खर्चास पराजयाची शिक्षा समजतो. पराजय हा स्वतः काही अपराध नाही. दोन प्रामाणिक माणसांचे करारातील एखाद्या शब्दाविषयी मतभेद होऊ शकतात. त्यांपैकी एक हरणारच. अशा ठिकाणी ज्याचा त्याने खर्च सोसला तर अन्याय झाला असे कोणी म्हणणार नाही. परंतु जेथे एका पक्षास आपली चूक ठाऊक असते, ती दुरुस्त करण्याचे सामर्थ्य असते, आणि तरीही तो 'जा, दावा कर' असे म्हणून समोरच्याच्या थकण्याची वाट पाहतो, तेथे तो वाद त्यानेच निर्माण केलेला असतो. त्या वादाचा खर्च हे त्याच्यावरचे ऋण होय. शिक्षाही नव्हे आणि न्यायाधीशाची मेहेरबानीही नव्हे. खर्च हरण्याच्या मागोमाग न जाता वाद अटळ करण्याच्या मागोमाग जावा, आणि ज्याने तो जितका लांबविला तितका त्याच्याकडे जावा, हे तत्त्व आम्हांस न्याय्य वाटते.

हे तत्त्व आमच्या कायद्यास अगदी अनोळखी आहे असेही नाही. लखनौ विकास प्राधिकरण विरुद्ध एम. के. गुप्ता ह्या १९९३ च्या प्रसिद्ध निर्णयात सर्वोच्च न्यायालयाने असे म्हटले की ग्राहकास झालेल्या मनस्तापाची भरपाई प्राधिकरणाने आधी द्यावी, परंतु ज्या अधिकाऱ्यांच्या वागणुकीने तो मनस्ताप झाला ते हुडकून काढून रक्कम त्यांच्याकडून वसूल करावी. लोकांच्या तिजोरीवर तो भार राहू नये. खर्चाचा ओघ उगमापर्यंत उलट नेऊन पोहोचविण्याचा हा प्रयत्न होता. २०१६ च्या स्थावर संपदा कायद्यान्वये बिल्डरला अपील करावयाचे असेल, तर ग्राहकास द्यावयाची सारी रक्कम, व्याज व भरपाईसह, आधी भरावी लागते. येथेही तोच विचार आहे: लांबवावयाचे असेल तर लांबविण्याचे ओझे स्वतःच्या डोक्यावर घेऊन लांबवा.

येथपर्यंत लिहून थांबलो असतो तर हा लेख आम्हांस फार सोयीचा झाला असता. परंतु तत्त्व दुधारी असते, आणि त्याची दुसरी धार आमच्या इमारतीत उतरली ती पुढीलप्रमाणे. पेढ्यांच्या त्या सभेत तळमजल्यावरच्या एक वृद्ध बाई उठल्या. त्यांचे यजमान वारले आहेत, कुटुंबनिवृत्तिवेतनावर चरितार्थ चालतो, आणि त्यांच्या घरात पाण्याचा थेंबही कधी आला नव्हता. गच्ची सर्वांची आहे, वरचे घर कोसळले तर खालचे उभे राहत नाही, हे त्यांस मान्य होते. त्यांचा प्रश्न निराळा होता. त्या आम्हांस उद्देशून म्हणाल्या, "अहो सर, बिल्डर नऊ लाख द्यायला आला होता तेव्हा मी 'घ्या' म्हणून हात वर केला होता. तुम्ही नको म्हणालात. मग त्यानंतरचे पैसे माझ्याकडून कशाचे?"

ही गोष्ट अक्षरशः खरी होती. २०१७ साली बिल्डरने तडजोडीचा निरोप पाठविला होता. दुरुस्तीसाठी आठ लाख आणि खर्चापोटी एक लाख एकरकमी. मात्र बांधकामात दोष होता हे आपण कबूल करणार नाही. 'कबुलीवाचून पैसा घेणे म्हणजे भीक घेणे होय,' असे भाषण त्या दिवशी आम्हीच केले होते, आणि आमच्या वाणीचा प्रभाव म्हणा की दुर्दैव म्हणा, पंधरा विरुद्ध नऊ मतांनी तडजोड फेटाळली गेली. तोवर झालेला खर्च एक लाख दहा हजार होता. त्यानंतर झाला दोन लाख सत्तर हजार. आणि एवढा खर्चून, एवढी वर्षे घालवून, त्या देकारापेक्षा अधिक पदरात पडले ते सव्वा लाख. 'चार आण्यांची कोंबडी आणि बारा आण्यांचा मसाला' म्हणतात तो हाच.

इंग्लंडात १९९९ साली अमलात आलेल्या दिवाणी नियमांचा छत्तिसावा भाग अशा प्रसंगासाठीच आहे. प्रतिपक्षाने विधिपूर्वक केलेला देकार नाकारून वादीने अखेर त्याहून अधिक मिळविले नाही, तर देकाराची मुदत संपल्यानंतरचा प्रतिपक्षाचा खर्च सामान्यतः वादीवर पडतो. आपल्याकडेही २०१५ पासून व्यापारी दाव्यांत खर्च ठरविताना वाजवी देकार अवाजवीपणे नाकारला गेला काय, हे न्यायालयाने पाहावयाचे असते. आम्हांस सव्वा लाख अधिक मिळाले, अपील तर बिल्डरनेच केले, तेव्हा त्या नियमांच्या अक्षरात आम्ही सापडत नाही. परंतु आम्ही वकील नसून ह्या लेखाचे लेखक आहोत, आणि वर जे तत्त्व बिल्डरला लावले ते स्वतःस लावताना अक्षराआड लपणे शोभणार नाही. देकार स्वीकारला असता तर अपीलही झाले नसते.

मग आमचा नकार चुकीचा होता काय? आम्हांस आजही तसे निःशंकपणे म्हणवत नाही. दोष कागदोपत्री सिद्ध झाला. उद्या त्याच बिल्डरकडे घर घेणाऱ्यास तो निकाल वाचावयास मिळेल. आणि प्रत्येकानेच मुकाट्याने पैसे घेतले तर असा निकाल कधीच लागणार नाही. तत्त्वासाठी लढण्यास किंमत आहे ह्याविषयी आमच्या मनात संशय नाही. पण ती किंमत तत्त्ववाल्याने द्यावी. ज्यास कबुली नको होती, कोरडी गच्ची हवी होती, त्याच्या पेन्शनीतून आम्ही आमची कबुली विकत घेतली, ही गोष्ट त्या बाईंच्या प्रश्नाने उघड झाली. बिल्डर आपला खर्च पुढच्या ग्राहकाच्या माथी मारतो म्हणून आम्ही त्यास नावे ठेवली. आम्ही आमच्या अभिमानाचा खर्च तळमजल्यावर उतरविला होता.

आदर्श उपविधींत कायदेशीर खर्च सेवाशुल्कात धरलेला असून सेवाशुल्क सर्व सदनिकांवर सारखे वाटावयाचे असते. खजिनदारांनी तेच वाचून दाखविले, आणि ते नियमानुसारच होते. सभा संपल्यावर आम्ही बाईंच्या घरी गेलो आणि त्यांचा वाटा आम्ही भरतो असे सांगितले. आमची कल्पना, त्या संकोचतील आणि मग आभार मानतील. त्यांनी चहा पुढे ठेवला आणि शांतपणे म्हटले, "सर, उपकार नकोत. हिशोब नीट मांडा. माझ्याकडे निघतील ते मी देईन."

तेव्हा हिशोब पुन्हा मांडला. तडजोडीपर्यंतच्या एक लाख दहा हजारांतून मिळालेले पंचवीस हजार वजा केले. उरलेले पंच्याऐंशी हजार चोवीस घरांवर, म्हणजे प्रत्येकी सुमारे साडेतीन हजार. ते ऋण वस्तुतः बिल्डरचे होते. न्यायपीठाने ते त्याच्याकडून पुरते वसूल करून दिले नाही, म्हणून सर्वांनी सोसावयाचे. पुढचे दोन लाख सत्तर हजार नकाराच्या बाजूने हात वर करणाऱ्या पंधरा जणांवर, प्रत्येकी अठरा हजार. संस्थेच्या वहीत समान वाटपच राहिले, कारण नियम तो आहे. पण पंधरांपैकी अकरा जणांनी नऊ घरांचा जादा भार आपसांत वाटून घेतला. चौघांनी नकार दिला. त्यांचे म्हणणे असे की बहुमताचा निर्णय झाला की तो सर्वांचा. हे म्हणणे अगदी टाकाऊ आहे असे आम्हांस वाटत नाही, पण तेवढ्यासाठी आणखी एक वाद करण्याची आमची इच्छा नव्हती.

न्यायाधीशांकडून आमची अपेक्षा एवढीच आहे की निकालपत्राचा शेवटचा परिच्छेद त्यांनी पहिल्याइतक्याच काळजीने लिहावा. वाद कोणी अटळ केला, कोणी लांबविला, कोणता देकार कोणी का नाकारला, हे विचारून खर्चाचा आकडा मांडावा. पक्षकारांनीही पुढच्या तारखेस जाण्यापूर्वी, ही तारीख कोणाच्या पैशाने आपण घेत आहो, हे एकदा स्वतःस विचारावे. बाईंनी आपले साडेतीन हजार दुसऱ्याच दिवशी आणून दिले आणि पावती मागून घेतली. गच्ची आता कोरडी आहे.